बीकनचा सुटलेला जोड

साहेब, तुमच्या कार्यालयानं एका बाईला तिच्या नवऱ्याच्या मरणाला जबाबदार धरलं. एका ओळीत. ती ओळ लिहिणाऱ्यानं विमानाच्या शेपटीत हात घातला नव्हता, गुडघासुद्धा जमिनीला टेकवला नव्हता. टेकवला असता तर पँट मळली असती. पँटला जपणाऱ्या माणसांनी मेलेल्यांचे अहवाल लिहू नयेत. तुम्ही लिहिलात. आता पुढचं ऐका.

अहवालाची प्रत सोमवारी सकाळी घरी आली. म्हातारीनं ती चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घातली आणि सुनेच्या ताटाशेजारी ठेवली.   दुपारी म्हातारीनं थोरल्या लेकीला फोन लावला.

"तू ये. तुझ्या भावाला कुणी मारलं ते मला सांग. घरातलं असलं तरी सांग."

थोरली लेक म्हणजे अक्का. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं बंदरावर मासेमारीच्या बोटींचे रेडिओ आणि अँटेना दुरुस्त करण्यात गेलेली. डिग्री नाही, पण बोटीवर चढल्या चढल्या बिघाड कुठं आहे ते सांगायची. मंगळवारी सकाळी ती भावाच्या दारात उभी राहिली.

भावजयीची बाजू घ्यायला ती आली नव्हती. नणंद होती ती, आणि धाकट्याला तिनं कडेवर घेऊन वाढवलं होतं. येताना गाडीतच तिनं ठरवलं होतं, दोष हिचा निघाला तर तोंडावर सांगायचं आणि पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. हाताशी दोनच दिवस होते. गुरुवारी अकरा वाजता सुनावणी. त्यात अहवाल कायम झाला की विमानाचे अवशेष भंगारात जाणार आणि ती ओळ जन्मभर भावजयीच्या कपाळी राहणार.

प्रकरण असं होतं. धाकट्यानं आणि त्याच्या बायकोनं सहा वर्षं खपून दोन माणसांचं छोटं विमान स्वतः बांधलं. पंख आणि इंजिन त्याचं. तारा, रेडिओ, अँटेना तिच्या. अंग फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवलेलं. महिन्यापूर्वी तो एकटा उडाला. इंजिन बंद पडलं. पाणथळीत विमान नाकावर आदळलं. दोन्ही पाय मोडले, पण माणूस जिवंत होता. एकोणीस तास जिवंत होता.

शेपटीत बीकन होता. विमान आदळलं की आपोआप चालू होऊन रेडिओवरून हाक मारत राहणारं यंत्र. शोधविमान त्याच्यापासून सहा किलोमीटरवरून दोनदा गेलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. शेवटी लव्हाळा कापणाऱ्या बायकांना विमान दिसलं, तेव्हा त्याला जाऊन तासच झाला होता.

मांडीवरच्या नकाशाच्या कडेला तो पेन्सिलनं वेळ लिहीत राहिला होता. बाराव्या तासाला लिहिलं होतं: "बीकनचा दिवा लागतोय. अँटेना तिनं बसवलीय. येतील."

आणि अहवालात लिहिलं होतं: "बीकन व अँटेना यांमधील केबलचा जोड सुटलेला आढळला. सदर काम अप्रशिक्षित व्यक्तीने, म्हणजे पत्नीने, केलेले होते. संदेश न पोहोचण्याचे कारण हेच होय."

अक्कानं पाणीसुद्धा न घेता विचारलं, "जोड घट्ट केला होतास?"

"केला होता."

"नक्की?"

भावजय आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "दाबून फिरवला की टक् असा आवाज येतो. इतके दिवस वाटायचं, मी तो ऐकला. आता वाटतं, ऐकायचा राहिला. अक्का, मला माझ्याच हातांचा भरवसा राहिला नाही."

महिनाभर तिनं पकडीला हात लावला नव्हता. घरातला दिवा गेला तर अंधारात बसायची.

अक्कानं मग सगळं खोदून विचारलं. अँटेना बाहेर का नाही लावली? हिला बाहेरच हवी होती. पण धाकटा म्हणाला, माझ्या विमानाला मिशी नको. बाहेर दांडी आली की वारा अडतो, वेग जातो, शिवाय दिसतं वाईट. दोघांचं पंधरा दिवस भांडण चाललं. शेवटी फायबरग्लासनं भांडण मिटवलं. धातूच्या विमानात अँटेना आत ठेवली तर ती तिजोरीतून ओरडण्यासारखी. पण रेडिओच्या लहरींना फायबरग्लास म्हणजे खिडकीची काच, आरपार जातात. हिनं तांब्याच्या पट्टीच्या पाच अँटेना कापल्या, सेंटिमीटर सेंटिमीटर कमी करत. बोलायच्या रेडिओची शेपटीच्या उभ्या पंखात बसवली. बीकनची शेपटीच्या पोकळीत. दोन अँटेना, दोन वेगळ्या केबल, दोन वेगळे जोड.

"चाचणी केलीस?"

तिनं वही काढली. हातातला संच घेऊन ती टेकडीवर उभी, धाकटा मैदानावर विमानात. चाळीस किलोमीटर. शेऱ्यात लिहिलेलं, "स्वच्छ. शिंकला तेही ऐकू आलं."

"त्यानंतर काय बदललं?"

त्यानंतर तपासणी झाली. निरीक्षकाला शेपूट कमजोर वाटली, बाहेरून कापडाचे दोन थर चढवायचा आदेश निघाला. शेपूट नऊ दिवस साचेवाल्याकडे होती. रंगवून परत आली. आतल्या अँटेनांना कुणी हात लावला नाही. पुन्हा चाचणी हिनं केली नाही, कारण निरीक्षकानं केल्याची खूण फॉर्मवर होती. सतरावा रकाना. "दुरुस्तीनंतर रेडिओ व बीकन चाचणी: समाधानकारक." खाली तारीख, सही, शिक्का.

*

साचेवाला धाकट्याचा शाळेपासूनचा दोस्त. फायबरच्या टाक्या, बोटींची टपं, विमानाचे भाग, सगळं त्याच्या कारखान्यात व्हायचं. धाकटा गेल्यापासून तो रोज म्हातारीकडे येऊन बसायचा, तिची औषधं आणून द्यायचा. अक्काला बघून त्याचे डोळे भरले. त्यानं खुर्ची पुसून दिली. अक्का बसली नाही.

अवशेष त्याच्याच कारखान्यात होते. कार्यालयाकडे स्वतःचं गोदाम नाही म्हणे. पुढचा भाग चेंदामेंदा झालेला. शेपूट मात्र अख्खी. पांढरीशुभ्र, एक तडा नाही.

"विमान इथं कधी आलं?"

"सापडलं त्याच दिवशी. चार वाजता, ट्रॅक्टरनं."

"निरीक्षक?"

"तेच, तपासणीवाले. दुसऱ्या दिवशी दहाला आले. फोटो काढले, गेले."

"मधल्या वेळात किल्ली कुणाकडे?"

"माझंच दार आहे, अक्का. किल्ली माझ्याकडेच असणार."

"शेपूट पाण्यात होती?"

"छे. नाक खाली, शेपूट वर. अगदी कोरडी. ओढताना मात्र दोर तुटला आणि शेपूट चिखलात बसली. झाकणाच्या फटीतून पोटभर चिखल प्याली."

"आणि कापड कोणतं चढवलंस?"

"काचेचं. आदेशात होतं तेच, दोन थर." तो थांबला. मग म्हणाला, "वहिनीला फार बोलू नका. चूक माणसाकडूनच होते."

अक्का जमिनीवर आडवी झाली. शेपटीच्या झाकणातून खांद्यापर्यंत हात आत घातला, दुसऱ्या हातात बॅटरी. बीकनच्या अँटेनाखाली तांब्याच्या चार पट्ट्या फुलीसारख्या पसरलेल्या. अशा अँटेनाला पायाखाली धातू लागतो, आणि फायबरच्या विमानात तो नसतो. भावजयीनं तो करून दिला होता. बंदरावरचे पगारी मेकॅनिक इतकं करत नाहीत.

सगळ्यावर राखाडी गाळ वाळून बसला होता. पट्ट्यांवर, केबलवर, जोडावर. जोडाची दोन टोकं वेगळी लोंबत होती. अक्कानं ती उजेडात ओढली आणि भिंग लावलं. बाहेरून गाळ. आत डोकावलं तर मधली सुई चकचकीत. एकाच्या ज्या कडेवर दुसरं टोक चढतं, ती कडही लख्ख. बीकनची बॅटरी तपासली. ठार रिकामी.

तिनं फोटो काढले, कपडे झटकले. साचेवाल्यानं विचारलं, काही कळलं का? ती म्हणाली, गाळ फार बारीक आहे.

*

मैदानाच्या मनोऱ्यावर एकच माणूस बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांशी रेडिओवर बोलणं हेच त्याचं काम. अहवालासाठी आपल्याला कुणी काही विचारलंच नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. त्याला राग साठवायची सवय होती आणि अक्काला ऐकायची.

कापड चढवल्यानंतर धाकटा दोनदाच उडाला होता. पहिल्यांदा मैदानाभोवती घिरट्या, आवाज ठणठणीत. दुसऱ्यांदा, म्हणजे शेवटचा, दहा किलोमीटरवरच आवाज तुटायला लागला आणि मग गेलाच.

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं, कंटाळला असेल. तसा तो कमीच बोलायचा."

"आणि दुरुस्तीच्या आधी?"

"आधी डोंगराच्या पलीकडून बोलायचा. मी रेडिओ बारीक करायचो."

अक्का जिना उतरता उतरता मधेच थांबली. लोखंडी कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली.

*

बुधवारी तिनं धाकट्याचं वजनाचं रजिस्टर मागून घेतलं. विमानात जाणारा प्रत्येक खिळा तो तोलायचा. शेपूट, दुरुस्तीआधी: चौदा किलो दोनशे. दुरुस्तीनंतर: पंधरा किलो शंभर. पुढं त्याच्या अक्षरात, "दोस्ताचा हात! निम्म्या वजनात काम."

अक्कानं बंदरावर टपं बनवणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन केला. शेपटीची मापं सांगितली. काचेच्या कापडाचे दोन थर, रेझिन, वर रंग, किती वजन वाढेल? तो म्हणाला, दोन किलोच्या खाली आलं तर करणाऱ्याचे पाय धरीन.

मग तिनं जेवणाच्या टेबलावर तो फॉर्म पसरला. सतराव्या रकान्यातली तारीख मोठ्यानं वाचली. भावजय म्हणाली, त्याच सुमाराला ती विमानातला रेडिओ घरी घेऊन आली होती. त्याच्या पडद्याचा दिवा गेला होता, तो डाख देऊन बसवायचा होता. रेडिओ दोन दिवस याच टेबलावर उघडा पडला होता. पण नेमका कोणता दिवस, ते तिला सांगता येईना.

म्हातारी खिडकीपाशी बसली होती. महिनाभर ती सुनेशी बोलली नव्हती. ती उठली, औषधांचा डबा घेऊन आली, त्यातून दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि फॉर्मवर ठेवली.

चिठ्ठीवर तीच तारीख होती. मागच्या बाजूला म्हातारीच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "हे रेडिओचं मढं माझ्या टेबलावरून उचल. नव्या कापडाला भोक पाडलंस."

"दाढ काढली होती," म्हातारी अक्काला म्हणाली. "तोंडात कापूस. ओरडता येईना म्हणून लिहून दाखवलं. दिवसभर तिथंच होतं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी उचललंन्."

सुनेनं मान वर केली. म्हातारीनं तिच्याकडे बघितलं नाही, पण परत खिडकीपाशीही गेली नाही. तिथंच, तिच्या शेजारच्या खुर्चीवर टेकली.

*

गुरुवारी अकराला अक्का अडून बसली. सुनावणी कार्यालयात नको, विमानापाशी घ्या. मोठे अधिकारी म्हणाले, बाई, अहवाल कागदावर आहे. अक्का म्हणाली, माणूस कागदावर मेला नाही. मनोऱ्यावरचा माणूस साक्षीला आला होता, तो खोकल्यासारखा हसला. शेवटी सगळे कारखान्यात आले. अधिकारी, निरीक्षक, साचेवाला, भावजय. म्हातारीला खुर्ची.

अक्कानं जोडाची दोन टोकं हातात घेतली.

"तुम्ही म्हणता, हा जोड पहिल्यापासून सुटा होता. शेपटीत चिखल शिरला तो ओढताना. जोड तेव्हा सुटा असता तर चिखल आत गेला असता. बघा, सुई चकाकतेय, कड स्वच्छ. चिखल शिरला तेव्हा हा बंद होता. बॅटरी संपलीय, म्हणजे बीकन शेवटपर्यंत हाक मारत होता, आणि हाक अँटेनापर्यंत जात होती. जोड नंतर उघडला. चार ते दुसऱ्या दिवशी दहा या वेळात."

निरीक्षक म्हणाला, जोड बंद होता तर संदेश का गेला नाही? उगाच भावनिक होऊ नका.

"तेच सांगतेय. बोलायच्या रेडिओची अँटेना वेगळी, केबल वेगळी, जोड वेगळा. तोही शेवटच्या फेरीत दहा किलोमीटरवर मुका झाला. हे मनोऱ्यावर विचारलं असतं तर कळलं असतं. बीकनचा एक जोड सुटला तर दुसरा रेडिओ मुका होत नाही. दोन्ही एकदम गेले, म्हणजे दोन्हींना सारखं असलेलं काहीतरी बदललं. दोघांना सारखं काय? वरचं कातडं."

तिनं पिशवीतून पॉलिश पेपर काढला. शेपटीवर वीतभर अंतरावर दोन जागा घासल्या. पांढरा रंग गेला, करडं अस्तर गेलं. खालून काळं निघालं.

मग मीटर काढला. त्याची एक टोचणी एका जागी टेकवली, दुसरी दुसऱ्या जागी. मीटर किंचाळायला लागला.

"काचेतून वीज जात नाही. यातून जातेय. हे कार्बनचं कापड आहे, धातूसारखं लहरी अडवणारं. एक थर काचेच्या दोन थरांना भारी, आणि वजनाला निम्मं. म्हणून शेपूट नऊशे ग्रॅमच वाढली. माझा भाऊ खूश झाला. त्याला काय माहीत, त्याच्या दोन्ही अँटेना तिजोरीत बंद झाल्यात."

 मीटर वाजतच होता. अक्कानं तो बंद केला आणि साचेवाल्याकडे वळली.

"काचेचं म्हणालास. दोन थर म्हणालास. का रे?"

साचेवाला भिंतीला टेकला. तो म्हणाला ते सगळं नीट ऐकू आलं नाही, पण अर्थ असा होता. एका शर्यतीच्या बोटीचं काम करून ते चांगलं कापड उरलं होतं. दोस्तासाठी ठेवलं होतं. मजबूत, हलकं. पंधरा दिवसांनी सांगून चकित करायचं ठरवलं होतं. रेडिओचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. तो कापडाचा माणूस, लहरींचा नाही. शोधविमानाला काही ऐकू येत नाही असं समजलं, तेव्हा शंका आली. कापड विकणाऱ्याला फोन करून विचारलं. त्यानं सांगितलं.

"मग विमान इथं आलं. मी एकटाच होतो. झाकण उघडं होतं. हात आत गेला, अक्का. मी नेला नाही."

"फिरवावा लागतो तो जोड," भावजय म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिचा आवाज ताठ होता. "दाबून फिरवावा लागतो. टक् वाजतं. ऐकलंस ना?"

त्यानं मान डोलावली.

"मी टाकीच्या पाण्यानं हात धुतले आणि आईंची औषधं आणायला गेलो," तो म्हणाला.

म्हातारी एवढंच म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस."

निरीक्षकाचा चेहरा मोकळा झाला. त्यानं तिथंच पेन काढलं. अहवालात दुरुस्ती करू म्हणाला, "पत्नी" खोडून "कारागीर" लिहू. अधिकारी म्हणाले, ठीक आहे, प्रकरण संपलं.

अक्कानं दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्यापुढं धरली. आधी पुढून, मग मागून.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं? म्हातारी म्हणाली, माझं, आणि भोकही दाखवते, चला घरी. निरीक्षकाचं पेन थांबलं. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. हा मुद्दा चौकशीच्या कक्षेत येत नाही, असं म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

साहेब, या गोष्टीला आता चार महिने झाले. साचेवाला कोर्टात उभा आहे. त्यानं कबुली दिली, शिक्षा भोगेल. भावजयीचं नाव खोडून तुमचा नवा अहवाल आला, त्यातही सतरावा रकाना जसाच्या तसा आहे. पाच मिनिटांची चाचणी होती ती. एक माणूस टेकडीवर, एक विमानात. झाली असती तर काळं कापड त्याच दिवशी सापडलं असतं, दोस्ताला शिव्या देऊन धाकट्यानं ते खरवडून काढलं असतं आणि आज तो घरी असता. अक्कानं तीन पत्रं पाठवली. पोच आली, उत्तर आलं नाही.

म्हणून चौथ्यांदा, तिच्या वतीनं मी सगळ्यांच्या देखत विचारतो. त्या तारखेला विमानात रेडिओच नव्हता. मग तुमचा निरीक्षक कशात बोलला? पलीकडून "समाधानकारक" असं त्याला कोण म्हणालं? त्या माणसाचं नाव सांगा.